ऊस, लिंबू आणि रम : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

१

पांढरी रम ६० मिलिलिटर, ताज्या लिंबाचा रस २५ मिलिलिटर, साखरेचा पाक २० मिलिलिटर आणि भरपूर बर्फ. क्यूबातल्या एका खाणवस्तीच्या नावाने जगभर ओळखले जाणारे ‘डायकिरी’ हे कॉकटेल एवढ्यावर होते. घरी करायला पाच मिनिटे पुरतात. तरीही या पाच मिनिटांच्या कामाभोवती एक अख्खे पुस्तक मराठीत लिहावे आणि ते धाराशिव जिल्ह्यात बसून लिहावे, याला सबळ कारण आहे. साखर, आणि रमची जननी असलेली मळी, या जिल्ह्यातले कारखाने दर हंगामात तयार करतात. कागदी लिंबाची झाडे इथल्या विहिरींच्या कडेला आणि बांधांवर उभी आहेत. ऊस तोडायला इथलीच माणसे दर दिवाळीनंतर घर सोडतात. पेल्यातल्या तिन्ही जिनसांशी आपले इतके जवळचे नाते असूनही त्यांचा एकत्र विचार आपल्या भाषेत फारसा झालेला नाही. तो व्हावा, एवढ्यासाठी हा प्रयत्न.

मराठीत दारूविषयी दोन सूर ठळकपणे ऐकू येतात. एक निषेधाचा आणि दुसरा फुशारकीचा. पहिल्यामागे उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा अनुभव आहे, म्हणून त्याचा आदर केलाच पाहिजे. दुसऱ्याला विशेष उत्तर देण्याची गरज नाही. या दोहोंच्या मध्ये जाणकारीचा एक तिसरा सूर असू शकतो, आणि तो आपल्याकडे क्षीण राहिला. स्वयंपाकाच्या बाबतीत मराठी वाचक भाग्यवान आहे. ‘रसचंद्रिका’ आहे, आणि १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे नेमके माप घराघरांत पोहोचवले. पेयांचे लेखन मात्र बहुधा पन्हे, सरबते आणि मठ्ठा इथवर येऊन थांबते. मिश्र मद्यांची माहिती मिळते ती इंग्रजीतून, आणि तिथे साखर दुकानातून येते, रम बाटलीतून येते, त्याच्या आधीचे काही दिसत नाही.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : कॉकटेलचा अभ्यास उसाच्या फडातून सुरू केला पाहिजे. फड, गाळप, मळी, भट्टी, पिंप, कायदा आणि शेवटी पेला, असा हा क्रम आहे. तो ओळीने समजून घेतला की पेल्यातल्या मापांना अर्थ येतो, आणि किती प्यावे, प्यावे की नाही, याचा निर्णयही माणूस शहाणपणाने घेऊ शकतो.

२

उसापासून मादक पेय करण्याची विद्या वेस्ट इंडीजमध्ये जन्मली असा समज आहे. आपल्या जुन्या ग्रंथांची साक्ष त्याहून खूप मागची आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार तिथे सांगितले आहेत. मैरेयात गूळ पडतो, पिंपळी आणि मिरी पडते. म्हणजे गोड, तिखट आणि मादक यांचा मेळ मापाने घालणे ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. त्याच अध्यायात कोणाला किती विकावे, कुठे बसून प्यावे, गुत्त्यावर देखरेख कशी ठेवावी, याचेही नियम आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे ८४ प्रकार मोजले आहेत आणि त्यांत उसाच्या निरनिराळ्या जातींपासून केलेली आसवे आहेत. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर, म्हणजे अतिमद्यपानाच्या विकारावर, अख्खा अध्याय आहे. कृती आणि धोका ही दोन्ही प्रकरणे एकाच ग्रंथात ठेवण्याची ही पद्धत आम्ही आदर्श मानली आहे.

धाराशिव जिल्ह्याची सीमा कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्याला भिडते. त्या जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे कल्याणी चालुक्यांची राजधानी. बाराव्या शतकात तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या भोजनाचे, पेयांचे आणि विनोदांचे इतके तपशीलवार वर्णन मध्ययुगीन दख्खनातल्या दुसऱ्या ग्रंथात क्वचितच सापडेल, आणि त्याच्या क्रीडांच्या विभागात मदिरापानही येते. आज आपण ज्याला मराठवाड्याचा कोपरा समजतो, तो एकेकाळी एका मोठ्या राजसत्तेच्या अंगणातला मुलूख होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

त्याहून हजार वर्षे मागे गेले की तेर लागते. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या टिपणात तगर हे फार मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई, असे तो सांगतो. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत मद्यही आहे. इटलीचे मद्य लोकांना अधिक पसंत, लाओदिकीआ आणि अरबस्तानचेही येते, अशी नोंद तो करतो. त्यातले किती तगरापर्यंत पोहोचले हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण ज्या वाटेने आपले कापड गेले त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला परदेशी मद्य उतरत होते, एवढे निश्चित. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात एकदा सावकाश फिरून यावे. दूरदेशीच्या चवीशी आपला संबंध काल-परवाचा नाही, हे तिथल्या वस्तू पाहून पटते.

एक भेद मात्र इथेच स्पष्ट करतो. जुन्या ग्रंथांतली आसवे आणि अरिष्टे आंबवलेली आहेत. आंबवलेला रस तापवून, त्याची वाफ थंड करून गोळा करणे, म्हणजे ऊर्ध्वपातन, ही निराळी क्रिया. ती आपल्याकडे केव्हा रुळली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. रमसाठी ती अपरिहार्य आहे. म्हणून सीधू, म्हणजे उसाचा रस आंबवून केलेले मद्य, आणि मैरेय हे रमचे पूर्वज म्हणावेत, रम म्हणू नये.

३

ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. भारतात त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची कला वाढली, ती इराण आणि अरब प्रदेशांतून भूमध्य समुद्रापर्यंत गेली. १४९३ साली दुसऱ्या सफरीत कोलंबसाने कॅनरी बेटांवरून उसाची कांडी कॅरिबियन बेटांवर नेली. आपले कागदी लिंबूही आशियातून अरब व्यापाऱ्यांच्या आणि मग स्पॅनिश लोकांच्या हातून त्याच बेटांवर पोहोचले. कॅरिबियन पाककृतींत जे छोटे, पातळ सालीचे, झणझणीत आंबट लिंबू लागते ते हेच. तेव्हा धाराशिवच्या घरात डायकिरी करताना आपण परक्या वस्तू उसन्या आणतो असे मानायचे कारण नाही. ऊस आणि लिंबू दोन्ही पूर्वेकडून गेले आणि तिकडे एकत्र आले.

एकत्र आले ते कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. सतराव्या शतकात बार्बाडोसमध्ये उसाचे मळे उभे राहिले ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. साखर काढून उरलेली मळी आंबवून, उकळून जी कडक दारू निघे ती पहिली रम. रिचर्ड लिगन हा इंग्रज १६४७ पासून तीन वर्षे त्या बेटावर होता, आणि १६५७ मध्ये छापलेल्या त्याच्या पुस्तकात या जहाल पेयाचे वर्णन आहे. रम पुढे गुलामांच्या खरेदीचे चलनही बनली. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ सिडनी मिंट्झ यांनी १९८५ मध्ये ‘स्वीटनेस अँड पॉवर’ या ग्रंथात साखरेच्या गोडीमागची ही सत्ता उलगडून दाखवली. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने तो ग्रंथ टाळू नये.

ब्रिटिश साम्राज्यात १८३४ पासून गुलामी कायद्याने संपत गेली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी मॉरिशसला मजुरांचे पहिले जहाज लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशोत्सव करतात, मराठी जपतात. जिथे हे मजूर उतरत तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. उसाच्या इतिहासात मराठी माणूस केवळ बागायतदार किंवा कारखान्याचा सभासद म्हणून येत नाही. तो मळ्यावरचा कुली म्हणूनही येतो.

आणि तो अध्याय संपलेला नाही. भूम, वाशी, कळंब या तालुक्यांच्या बालाघाटी गावांतून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधी घेतलेली असते, आणि फडातले काम पहाटे सुरू होते. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण एवढे गंभीर ठरले की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पेल्यात पडणारी साखर या हातांतून येते. हे ध्यानात ठेवून लिहिलेली पाककृती आणि ते विसरून लिहिलेली पाककृती यांत फरक पडतो, असे आम्ही मानतो.

४

मिश्र मद्याच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्सलो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या वखारीतल्या एका पेयाची नोंद केली आहे : कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हेच पंच. कडक, आंबट, गोड आणि पाणी यांचा तोल साधण्याची ही रीत ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून इंग्लंडला आणि तिथून अटलांटिकपार गेली. डेव्हिड वॉन्ड्रिच यांनी ‘पंच’ या २०१० च्या पुस्तकात या प्रवासाचा कागदोपत्री मागोवा घेतला आहे. वेस्ट इंडीजमध्ये पंचातल्या अराक या कडक दारूच्या जागी रम आली आणि आजची बहुतेक उष्णकटिबंधी कॉकटेले त्या वंशात जन्मली.

त्यांतली तीन या पुस्तकात सविस्तर घेतली आहेत. डायकिरीचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतियागो दे क्यूबाजवळच्या खाणीत काम करणारे अमेरिकी अभियंते जेनिंग्ज कॉक्स यांना दिले जाते. पुढे हवानाच्या ‘फ्लोरिदिता’त कॉन्स्तान्तिनो रिबालाइग्वा यांनी त्याला नजाकत आणली, आणि १९२० ते १९३३ या अमेरिकी दारूबंदीच्या काळात तहानलेले अमेरिकी प्रवासी हवानाला लोटल्यामुळे त्याची कीर्ती पसरली. माय ताय हे १९४४ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉन यांनी केले. जुनी जमैकन रम, लिंबू, संत्र्याचे लिकर आणि बदामाचे सरबत असे त्याचे रूप. पिन्या कोलाडा हे अननस, नारळाचे दाट गोड दूध आणि रम यांचे पेय १९५४ साली प्वेर्तो रिकोच्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो यांनी बसवले असे मानतात, आणि १९७८ मध्ये ते त्या बेटाचे अधिकृत पेय ठरले.

‘श्रेय दिले जाते’, ‘मानतात’ अशी शब्दयोजना मुद्दाम केली आहे. पिन्या कोलाडावर सान हुआनच्या दुसऱ्या एका उपाहारगृहाचाही दावा आहे. माय तायवर डॉन बीच यांनी हक्क सांगितला होता. कॉक्स यांच्या आधी क्यूबाच्या स्वातंत्र्यसैनिकांत कच्ची उसाची दारू, लिंबू आणि मध यांचे ‘कांचांचारा’ प्यायले जात होते, मग डायकिरी एका अभियंत्याला सुचली म्हणजे नेमके काय घडले? या क्षेत्रात पहिला धडा हाच. मूळकथा सांगणारा बहुधा विक्रेता असतो. कथेचे साल, साक्षीदार आणि पहिली लेखी नोंद हे तीन प्रश्न तिला विचारावेत. जिथे ऊस, लिंबू आणि दारू शेजारी शेजारी होती तिथे त्यांचे मिश्रण अनेकांनी अनेकदा केले असणार. नाव एकाचे टिकले.

५

आता मळीकडे येऊ. ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना प्राचीन तगराच्या परिसरातच उभा आहे, आणि रांजणीचा नॅचरल शुगर कळंब तालुक्यात. अशा कुठल्याही कारखान्यात उसाचा रस शुद्ध करून, आटवून, पॅनमध्ये त्याचे दाणे पाडतात. गरगर फिरणाऱ्या यंत्रातून साखरेचे दाणे बाजूला होतात आणि काळपट, दाट, चिकट द्रव उरतो. तीच मळी. ढोबळ हिशेब असा की एक टन उसातून १०० ते ११० किलो साखर आणि ४० ते ४५ किलो मळी मिळते. मळी म्हणजे काकवी नव्हे. काकवी गुऱ्हाळातली, तिच्यात रसाची सगळी साखर शाबूत असते. मळीतून दाणा होणारी साखर काढून घेतलेली असते, तरीही यीस्टला पोटभर पुरेल इतकी उरते.

मळीत पाणी घालून ती आंबवली की एक-दीड दिवसात ७ ते ९ टक्के मद्यार्क तयार होतो. तिथून दोन वाटा फुटतात. जुन्या पद्धतीच्या हंडीभट्टीत ऊर्ध्वपातन केले तर मळीचा गंध, फळांचा वास, थोडा उग्रपणा रममध्ये उतरतो. एनियस कॉफी यांनी १८३० मध्ये पेटंट घेतलेल्या उभ्या स्तंभाच्या भट्टीत केले तर मद्यार्क जवळजवळ निर्गंध होतो. आपल्या देशातली बहुतांश रम या दुसऱ्या वाटेने येते. ९६ टक्क्यांच्या आसपासचा शुद्ध मद्यार्क, त्यात पाणी, कॅरमेलचा रंग, कधी स्वादद्रव्ये, कधी लाकडी पिंपात मुरवलेला अंश. बाटलीवर ४२.८ टक्के हा आकडा दिसतो, तो जुन्या ७५ अंश प्रूफचा उतारा. १९५४ पासून मोहन मीकिन कंपनी विकत असलेली ओल्ड मंक ही या परंपरेतली सर्वांत ओळखीची रम आहे, आणि तिच्या व्हॅनिलासारख्या गोडसर गंधावर अनेक पिढ्यांची चव घडली. अलीकडे गुळापासून आणि थेट उसाच्या रसापासून रम करण्याचे प्रयत्नही देशात होत आहेत. उष्ण हवेत पिंपातला मद्यार्क झपाट्याने उडतो. स्कॉटलंडात वर्षाला साधारण २ टक्के तूट येते, आपल्याकडे ती कितीतरी पट होते, म्हणून इथे कमी वर्षांतच रम मुरते आणि महागही पडते.

डिस्टिलरीला दुसरी बाजू आहे. एक लिटर मद्यार्कामागे अनेक लिटर तपकिरी, उग्र वासाचे सांडपाणी निघते. ते ओढ्यात सोडले तर विहिरी नासतात, नीट प्रक्रिया केली तर प्रेसमड या साखर कारखान्यातल्या गाळाबरोबर त्याचे खत होते. पाण्याचा प्रश्न तर मराठवाड्याच्या जिवाचाच. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा आदेश दिला. बालाघाटाच्या पठारावर ऊस लावावा की नाही, हा वाद रमच्या अभ्यासाबाहेरचा नाही. पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ऊस, साखर आणि मद्यार्क यांचे शास्त्र एकाच छपराखाली शिकवते, ते उगीच नव्हे.

६

इतके समजून घेऊन आता पेल्याकडे वळावे.

लिंबू आधी. कागदी लिंबू, शक्यतो राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या साई सरबती जातीसारखे रसदार, पिवळसर झालेले. ते ओट्यावर तळव्याखाली जरा फिरवून कापावे आणि रस त्याच वेळी काढावा. एका लिंबाचा रस साधारण १५ ते २० मिलिलिटर भरतो. म्हणजे एका पेल्याला दीड लिंबू. तासाभरात रसाचा ताजेपणा ओसरतो, म्हणून सकाळी काढून ठेवू नये, बाटलीतला तर घेऊच नये.

पाकासाठी साखर आणि पाणी वजनाने सारखे घ्यावे. १०० ग्रॅम साखर १०० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळली की झाले, तार येईपर्यंत उकळण्याची गरज नाही. अशा पाकाच्या २० मिलिलिटरमध्ये सुमारे १२ ग्रॅम साखर असते. २५ मिलिलिटर लिंबाच्या रसात सुमारे दीड ग्रॅम आम्ल असते. बारा ग्रॅम गोडाला दीड ग्रॅम आंबट पुरून उरते, हा या पेल्याचा गाभा. लिंबू हंगामाप्रमाणे बदलते, उन्हाळ्यातले महाग आणि कोरडे, पावसाळ्यातले रसाळ. तेव्हा लिंबू चाखून पाक १५ ते २२ मिलिलिटरच्या दरम्यान ठरवावा.

शेकर नसला तरी अडत नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा, तो दोन तृतीयांश बर्फाने भरावा, तिन्ही जिनसा ओताव्यात आणि दहा-पंधरा सेकंद जोरात हलवावे. डब्याला बाहेरून दव धरले आणि हाताला चटका बसावा तसा गारवा लागला की थांबावे. आतले मिश्रण एव्हाना शून्य अंशाखाली गेलेले असते आणि त्यात ३० ते ३५ मिलिलिटर पाणी उतरलेले असते. हे पाणी चुकून आलेले नाही, ते पाककृतीचा चौथा घटक आहे. घरच्या फ्रीजमधले लहान, ओलसर तुकडे गरजेपेक्षा जास्त वितळतात, म्हणून मोठ्या वाटीत बर्फ जमवून फोडून घ्यावा. शेवटी चहाच्या स्वच्छ गाळणीतून थंड पेल्यात गाळावे.

काळी रम हाताशी असेल तर साखरेच्या पाकाऐवजी काकवी वापरून पाहावी. १५ मिलिलिटर काकवीत चमचाभर कोमट पाणी घालून ती सैल करावी, नाहीतर बर्फावर घट्ट बसते. गुऱ्हाळाचा धुरकट, खारटसर गोडवा काळ्या रमशी फार सुंदर जमतो. ही चव हवानाची नाही, आपल्या मातीची आहे, आणि तिला स्वतःचे स्थान आहे. ज्यांना मद्य नको त्यांच्यासाठी तोलाचा हा धडा रसवंतीत कधीचाच तयार आहे : उसाचा रस, लिंबू, आल्याचा तुकडा, बर्फ. मद्य वगळून हीच रचना कशी उभी राहते ते पाहण्यासाठी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक बिनमद्याची कृती दिली आहे.

आता हिशेब. ६० मिलिलिटर रमच्या ४२.८ टक्के म्हणजे सुमारे २६ मिलिलिटर, वजनाने २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. जागतिक आरोग्य संघटना प्रमाण पेय म्हणून १० ग्रॅमचा हिशेब धरते, म्हणजे हा एक पेला दोन पेयांच्या बरोबरीचा. गोड आणि गार लागल्याने तो सौम्य वाटतो, सौम्य नसतो. कॉकटेल करणाऱ्याने पाहुण्याला चवीबरोबर हा आकडाही सांगावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

७

कायद्याविषयी संदिग्धता नको. धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, जिथे आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. मुंबई प्रांताने मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा केला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यानंतर तो इथेही लागू झाला, आणि आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अमलात आहे. त्यानुसार रमसारखे मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि वय २५ पूर्ण असावे लागते. परवानाधारक दुकानातून घेतलेली बाटली घरी लिंबू-साखरेत मिसळणे निराळे. घरी भट्टी लावणे हा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीवघेणा खेळ आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. कारण होते मिथेनॉल. म्हणूनच या पुस्तकात ऊर्ध्वपातनाचे शास्त्र आहे, घरगुती कृती मुळीच नाही.

ज्या गावांत बायांनी मतदानाने बाटली आडवी केली, त्या गावांचा निर्णय आम्हाला मान्य आहे. वारकऱ्यांच्या व्रताचाही आम्ही मान राखतो. संत गोरोबाकाकांचे तेर आमच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आहे, तेव्हा तिथल्या परंपरेला धक्का लागेल असे काही लिहिण्याचा विचारही मनात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या आरंभी स्पष्ट केले की मद्यपानाची कोणतीही पातळी आरोग्याला पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही. गरोदर स्त्री, यकृताचा विकार असलेला माणूस, ज्याच्या घरात व्यसनाने जखम केली आहे असा कोणीही, यांच्यासाठी हा विषय वाचनापुरता ठेवावा. वाचनातही तो पुरेसा समृद्ध आहे.

८

पुस्तकाची मांडणी फडापासून पेल्यापर्यंत आहे. पहिला भाग ऊस, श्रम आणि पाणी यांचा. दुसरा आंबवणे, ऊर्ध्वपातन आणि मुरवण यांचा. तिसरा संस्कृत ग्रंथांपासून आबकारीच्या दप्तरांपर्यंतच्या साधनांचा, आणि इथे जेम्स मॅकह्यू यांच्या ‘अॅन अनहोली ब्रू’ या २०२१ च्या ग्रंथाचे आणि के. टी. अचया यांच्या भारतीय अन्नेतिहासाचे ऋण मोठे आहे. चौथा भाग कृतींचा. घाईत असलेल्याने चौथ्यापासून सुरुवात केली तरी चालेल, पण मग मागे यावे. साखर कारखान्यातल्या केमिस्ट मंडळींनी, गुऱ्हाळवाल्यांनी आणि ऊसतोड टोळ्यांतल्या माणसांनी आपले काम थांबवून आमच्याशी संवाद साधला. त्यांच्याशिवाय पहिला भाग लिहिताच आला नसता.

या क्षेत्रात करण्यासारखे खूप उरले आहे. मराठवाड्यातल्या आबकारीच्या जुन्या नोंदी उर्दूतून मराठीत यायच्या आहेत. मोह, शिंदी आणि गूळ यांपासून होणाऱ्या पेयांच्या चवींचे शब्द खेड्यापाड्यांतल्या वयस्क माणसांकडून टिपून घ्यायचे आहेत, आणि ही माणसे थकत चालली आहेत. काकवीची प्रत गावागणिक कशी बदलते, याचे पद्धतशीर टिपण कोणी तरी करायला हवे. त्यासाठी पदवी लागत नाही. वही, वजनकाटा, मापाचा पेला आणि चव लिहून ठेवण्याची सवय एवढे पुरे. वाचकहो, तुमच्या भागातल्या गुऱ्हाळावर या हंगामात एकदा जा, काकवी चाखा, ऊस कोणी तोडला ते विचारा, आणि जे कळेल ते लिहून ठेवा. हे पुस्तक तुमच्या त्या टिपणांची वाट पाहत आहे.